'बोरिंग बारा महिने चालतं' म्हणाले म्हणून बयाना दिला, आता सौदा मोडता येईल का?

सुदामानगरी (धागाकर्ता), १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक होतो, आज गळ्याशी आलं म्हणून लिहितोय.

आम्ही तीन पिढ्यांचे इंदूरकर, पण अजून भाड्याच्या घरात. आधी मल्हारगंज, मग सुदामानगर. यंदा गणपतीत फूटी कोठीच्या पुढे एका कॉलनीत जुनं रो-हाऊस बघितलं. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे एवढंसं अंगण आणि अंगणात पारिजातक. आईनं पारिजातक बघितला आणि बाकीचं घर बघायचंच सोडून दिलं. ६२ लाखांत ठरलं. सप्टेंबरअखेर ४ लाख बयाना देऊन सौदाचिठ्ठी केली. १० लाखांचा दुसरा हप्ता ३० नोव्हेंबरला, बाकीचे रजिस्ट्रीच्या दिवशी बँकेच्या कर्जातून.

घर दाखवताना तीन गोष्टी घोळवून घोळवून सांगितल्या गेल्या. बोरिंग ३२० फूट आहे, बारा महिने चालतं. वरच्या मजल्याचा नकाशा निगममधून (महापालिकेतून) पास आहे. आणि मेट्रो सुरू झाली की भाव दुप्पट. नर्मदेचं पाणी तिथे एक दिवसाआड, तेही तासभर, त्यामुळे आमचं सगळं गणित बोरिंगवर. नळ उघडून बघितला तर धो धो पाणी. (भाद्रपदात कुठल्या बोरिंगला पाणी नसतं म्हणा.)

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एकाच्या भाच्यानं, तो त्याच कॉलनीत राहतो, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मार्चमधला एक फोटो दाखवला. टँकरच्या पाळ्यांचा कागद. आमच्या घराच्या नंबरापुढे 'मंगळ, शुक्र'. चौकशी केली तर फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत आमचं बोरिंग नुसती हवा ओढतं.

मालकांना फोन केला. म्हणाले, सौदा मोडलात तर बयाना जप्त, चिठ्ठीत लिहिलंय. लिहिलंय खरं. 'जसे आहे तसे' असंही लिहिलंय. काय करू?

राजवाडा_रिटर्न्स, ९:५८

सरळ ४२० लावा. ठाण्यात एक चक्कर, दुसऱ्या दिवशी पैसे घरपोच.

लष्करकर, १०:०५

आमच्या ग्वाल्हेरला यावर एकच उपाय: घर घ्या आणि उन्हाळ्यात मालकाच्या घरी अंघोळीला जा.

शुभांगी_वडोदरा, १०:२२

लष्करकर, सगळीकडे विनोद नको हो. माणसाचे ४ लाख अडकलेत.

धागाकर्ते, दोन प्रश्न. बोरिंगचं हे वाक्य नेमकं कोण म्हणालं, मालक की दलाल? आणि कुठे लिखित आहे का? आमच्याकडे बडोद्याला बानाखत (म्हणजे साठेखत) करताना माझ्या दिरानं 'पाणी कॉर्पोरेशनचं, २ वेळा' असं दस्तातच घालून घेतलं होतं, समोरचा हसत होता. पुढे तेच उपयोगी पडलं.

सुदामानगरी, १०:४१

दोघंही म्हणाले. मालक पुण्याला असतात, ते फोनवर एकदा म्हणाले. दलाल तर रोजच म्हणायचा. त्याचा एक व्हॉइस मेसेज आहे माझ्याकडे: "बोरिंग की टेंशन ही मत लो, बारह महीने, लिख के ले लो." लिहून मात्र घेतलं नाही.

चष्मिष_एलएलबी, ११:१०

हा तर मिसरिप्रेझेंटेशनचा, म्हणजे चुकीचं सांगून संमती मिळवण्याचा, पुस्तकी नमुना! आम्हाला पहिल्याच सत्रात रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड शिकवला होता, इंग्लंड, १८८१. बर्मिंगहॅममधल्या एका म्हाताऱ्या सॉलिसिटरनं जाहिरात दिली की भागीदार हवा, आणि त्यानं माझं घरही विकत घ्यावं. धंदा वर्षाला ३०० पौंडांच्या आसपास आणतो म्हणाला. हर्डनं १६०० पौंडांना घर घ्यायचं कबूल करून १०० पौंड बयाना दिला. धंद्याचे कागद समोर होते, पण हर्डनं ते नीट चाळले नाहीत. चाळले असते तर धंद्यात तेवढा दम नाही हे कळलं असतं. नंतर कळलं तेव्हा तो अडून बसला, म्हाताऱ्यानं दावा लावला. अपील कोर्टानं हर्डची बाजू घेतली: चौकशीची संधी होती एवढ्यावरून खोटं बोलणारा सुटत नाही. त्यामुळे धागाकर्ते, 'तुम्ही शेजारी विचारायला हवं होतं' असं मालक म्हणूच शकत नाही. केस जिंकल्यात जमा.

रामबागेतले_वकीलकाका, १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

चष्मिष, केस छान सांगितलीस, पण बाळा, इंग्लंडमध्ये. आपल्याकडे नेमकं तिथेच वळण आहे. सांगतो, चहा घेऊन बसा.

आधी राजवाड्यांचं बघू. ४२० आता ४२० राहिलेली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, त्यात फसवणूक ३१८ मध्ये, जुन्या ४२० चा भाग ३१८(४). आकडा बदलला, ठाण्यातलं वाक्य बदललं नाही: "यह तो सिविल मैटर है." आणि बरेचदा ते बरोबरही असतं. फौजदारी फसवणुकीला पहिल्यापासून मनात बेइमानी होती हे दाखवावं लागतं. करार मोडायला तेवढं लागत नाही.

करार कायदा १८७२ चा. कलम १७ कपट, कलम १८ ज्याला आपण सगळे मिसरिप्रेझेंटेशन म्हणतो. हिंदी डिग्लॉटमध्ये (कायद्याच्या इंग्रजी-हिंदी जोड आवृत्तीत) 'दुर्व्यपदेशन' आहे. तो शब्द उच्चारून होईपर्यंत पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे पोहोचतो. फरक साधा आहे. माहीत असून खोटं सांगितलं तर कपट. आणि जे खरं नाही ते, आपल्याजवळ तशी धड माहिती नसताना, ठासून सांगितलं, तर स्वतःचा त्यावर विश्वास असला तरी ते कलम १८. म्हणजे 'मला तसंच वाटत होतं' हा बचाव कपटाला चालतो, १८ ला चालत नाही.

दोन्हींत कलम १९ म्हणतं की ज्याची संमती अशी मिळवली त्याला करार रद्द करता येतो. करायलाच हवा असं नाही. हवा तर तो करार कायम ठेवून, सांगितलेलं खरं असतं तर मी ज्या जागी असतो तिथे मला आणून ठेवा, असंही मागू शकतो. हा दुसरा रस्ता लोक विसरतात.

आता वळण. त्याच कलमाला एक अपवाद जोडलाय. संमती कलम १८ च्या निवेदनानं किंवा कपटी मौनानं मिळाली असेल, आणि साधारण दक्षतेनं खरं शोधून काढण्याचं साधन तुमच्या हातात असेल, तर करार रद्द होत नाही. इंग्लंडच्या हर्डला हा अपवाद लागू नव्हता. इंदूरच्या धागाकर्त्यांना आहे.

पण नीट वाचा: कलम १८ आणि कपटी मौन. तोंडानं, जाणूनबुजून सांगितलेलं खोटं त्या अपवादात नाही. तिथे 'तू का नाही विचारलंस' हे चालत नाही.

तेव्हा खरा प्रश्न: जो बोलला, त्याला माहीत होतं का?

शुभांगी_वडोदरा, ७:३५

काका, आणि त्या मेट्रोचं आणि नकाशाचं?

रामबागेतले_वकीलकाका, ७:४८

मेट्रो सोडून द्या. भाव दुप्पट होईल हे मत आहे, वस्तुस्थिती नाही. १९२७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर (लंडनमधलं, वसाहतींसाठीचं शेवटचं अपील कोर्ट) न्यूझीलंडची एक जमीन आली होती. विकणारा म्हणाला, इथे २००० मेंढ्या पोसतील. त्यानं स्वतः तिथे कधी मेंढ्या पाळल्या नव्हत्या आणि घेणाऱ्याला ते ठाऊक होतं. कोर्ट म्हणालं, हा अंदाज होता. मेट्रो म्हणजे आपल्या मेंढ्या.

नकाशा निगममध्ये जाऊन बघता येतो. बघितला का?

सुदामानगरी, ८:०२

बँकेच्या इंजिनिअरनं बघितला. पास आहे.

रामबागेतले_वकीलकाका, ८:०५

मग तो विषय मिटला. पुण्याच्या मालकांबद्दल जरा सांगा. ते त्या घरात कधी राहत होते?

सुदामानगरी, दुपारी १:२०

लहानपणी. घर त्यांच्या वडिलांचं. वडील गेले त्याला दोन वर्षं झाली, त्याआधीही चार-पाच वर्षं खाली भाडेकरूच होता. फोनवर म्हणाले होते, "अहो, आमच्या बोरिंगचं पाणी आख्खी गल्ली भरायची, मी स्वतः बादल्या ओढल्यात." ते खोटं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, खरं सांगायचं तर आत्ताही वाटत नाही. टँकरचे पैसे भाडेकरू भरत असणार.

लष्करकर, १:३१

म्हणजे मालक १९९५ चं पाणी विकून राहिलेत.

रामबागेतले_वकीलकाका, १:५५

लष्करकर, हे मी उलटतपासणीत वापरणार आहे.

हे झालं अस्सल कलम १८. माणूस सज्जन, बोलणं खोटं, आणि ठासून बोलण्याइतकी माहिती जवळ नाही. तीस वर्षांपूर्वीच्या बादलीवरून आजच्या बोरिंगची हमी देता येत नाही.

म्हणजेच अपवाद लागू होऊ शकतो. साधारण दक्षतेनं कळलं असतं का? भाद्रपदात नळ उघडून कळणार नाही. शेजारी विचारलं असतं तर कळलं असतं. धागाकर्ते, विचारलंत का कुणाला?

(धागाकर्त्यांचं उत्तर संध्याकाळपर्यंत नाही.)

शुभांगी_वडोदरा, ६:१५

सुदामानगरी? आहात का?

मी_दलाल_आहे, ६:४०

मी राऊच्या बाजूला १८ वर्षं हेच काम करतो, म्हणून दोन शब्द. सगळे दलाल खोटं बोलतात असं धरून चालू नका. मालक जे सांगतो तेच आम्ही पुढे सांगतो. आम्ही काय प्रत्येक बोरिंगमध्ये दोरी सोडून बघायची? खरेदीदारानं स्वतः मे महिन्यात घर बघावं.

राजवाडा_रिटर्न्स, ६:४४

हो, आणि पावसाळ्यात छत बघायला परत यावं, आणि थंडीत शेजारी. वर्षभरानं बयाना.

सुदामानगरी, रात्री ९:१५

उशीर झाला, माफ करा. आईशी बोलत होतो. पहिल्या पोस्टमध्ये मी एक गोष्ट लिहिली नव्हती. मुद्दाम लपवली असं नाही, पण लिहिली नाही हे खरं.

सौदाचिठ्ठीच्या आधी, गौरी जेवल्या त्या दिवशी, शेजारच्या काकूंनी आईला हळदीकुंकवाला बोलावलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "उन्हाळ्यात जरा ओढ असते हं पाण्याची." आईनं घरी येऊन मला सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी दलालाला विचारलं. तो आईलाच म्हणाला, "आंटीजी, गर्मी में तो पूरे इंदौर में थोड़ी खींच रहती है, पर अपना बोरिंग बारह महीने." आणि व्हॉइस मेसेज त्यानंतरचा आहे.

अजून एक. पुढच्या कंपाउंडच्या भिंतीवर, फाटकाच्या डाव्या बाजूला, कमरेइतक्या उंचीवर प्लास्टर गुळगुळीत झालेला एक आडवा पट्टा होता, वीतभर रुंद, रंग पार निघालेला. मी दलालाला विचारलं, हे काय? म्हणाला, किरायेदाराची स्कूटर घासली असेल. परवा त्या भाच्याच्या घरापुढे टँकर उभा बघितला. ड्रायव्हरनं जाड पाइप भिंतीवरून आत टाकला, आणि पाइप बरोबर तिथेच, तेवढ्याच उंचीवर घासत होता. त्या गल्लीत आठ-नऊ घरांच्या भिंतींवर तोच पट्टा आहे. स्कूटर एकाही ठिकाणी नाही.

चष्मिष_एलएलबी, ९:२८

बाप रे. काका!!

लष्करकर, ९:३०

म्हणजे धागाकर्त्यांनी पण आम्हाला घर अर्धंच दाखवलं होतं 😄

सुदामानगरी, ९:३३

हाणा. हक्क आहे तुमचा.

रामबागेतले_वकीलकाका, १४ नोव्हेंबर, सकाळी ६:३५

रात्री बातम्या बघायच्या सोडून हे वाचत बसलो, बायकोनं विचारलं कुणाचं घर आहे.

दोन गोष्टी वेगवेगळ्या बघू.

पहिली, काकू. कलम १९ खाली कायद्यानंच दिलेली उदाहरणं आहेत, त्यांतलं एक निळीच्या कारखान्याचं. विकणाऱ्याच्या बोलण्यावरून घेणाऱ्याला वाटलं की वर्षाला ५०० मण नीळ निघते. मग त्यानं कारखान्याच्या वह्या स्वतः तपासल्या, त्यांत ४०० मण. तरीही त्यानं कारखाना घेतला. आता करार मोडता येत नाही, कारण त्याची फसगत त्या बोलण्यानं झालीच नाही, त्याला खरं ठाऊक होतं.

मालकाचा वकील उभा राहून हेच म्हणेल: शेजारणीनं सांगितलं, म्हणजे वह्या तपासल्या. मी उलट म्हणेन, 'जरा ओढ' म्हणजे ४०० मण नव्हे. वहीत आकडा होता, काकूंच्या बोलण्यात आकडा नव्हता, आणि शंका आल्यावर आमच्या पक्षकारानं नेमकं तेच विचारलं, त्यावर पुन्हा ठाम 'बारा महिने' मिळालं. शंका घेणारा बेसावध नसतो. पण न्यायाधीश कुठे झुकतील, यावर मी पैज लावणार नाही.

दुसरी, स्कूटर. ही पहिलीपेक्षा फार मोठी आहे. जो गल्लीत घरं विकतो, त्याला तो पट्टा कशाचा हे ठाऊक नसेल? ठाऊक असून स्कूटर म्हणाला असेल, तर ते मौन नाही. खरी गोष्ट हातानं झाकणं आहे, आणि ते कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मग काकू काय म्हणाल्या, कुणाला विचारलं, हा सगळा अपवादच बाजूला पडतो.

चष्मिष_एलएलबी, ७:१०

पण काका, कपट दलालाचं. करार मालकाशी. मालक निर्दोष.

रामबागेतले_वकीलकाका, ७:२२

शाबास, आता वकील झालास. कलम २३८. एजंटनं मालकाच्या कामकाजात केलेलं चुकीचं निवेदन किंवा कपट, त्याचा करारावर परिणाम मालकानं केल्यासारखाच. पुण्याच्या सज्जन माणसाला इंदूरच्या स्कूटरची जबाबदारी घ्यावी लागते. मात्र एजंटनं आपल्या अधिकाराबाहेरच्या बाबतीत केलेलं असेल तर नाही.

इथेच आपल्या इंदूरची गोम. धागाकर्ते, दलाली कोण देणार होतं?

सुदामानगरी, ७:४०

दोघांकडून एक-एक टक्का. इथे तसंच चालतं ना.

रामबागेतले_वकीलकाका, ७:५१

तसंच चालतं. म्हणूनच दोन्ही बाजू कोर्टात म्हणतात, 'तो तुमचा माणूस.' मालकानं घर विकायला त्याला कधी सांगितलं, किल्ली कुणाकडे होती, किंमत कमी करायला मालकाशी कोण बोललं, यांवरून ठरतं. किल्ली?

सुदामानगरी, ७:५४

दलालाकडे. दोन वर्षांपासून. भाडेकरूकडून भाडंही तोच गोळा करून पाठवायचा.

रामबागेतले_वकीलकाका, ७:५५

🙂

मी_दलाल_आहे, ९:३०

भाडं गोळा करत होता तर त्याला टँकर माहीत असणारच. हे मी मान्य करतो. भाडेकरू पहिली तक्रार पाण्याचीच करतो.

शुभांगी_वडोदरा, ११:०५

बिल्डरकडून घेतलं असतं तर गोष्ट वेगळी असती ना? आमच्या इमारतीत माहितीपत्रकात क्लबहाऊस होतं, जागेवर निघाला जिन्याखालचा कॅरमबोर्ड. तेव्हा रेराच्या (बिल्डरांवरच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या) कलम १२ चा आधार घेतला होता: जाहिरात किंवा नमुना सदनिका बघून पैसे दिले आणि ते खोटं निघालं तर भरपाई, आणि बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासकट.

रामबागेतले_वकीलकाका, ११:४०

बरोबर. पण रेरा प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर. इथे एका माणसानं दुसऱ्याला जुनं घर विकलंय, तिथे करार कायदा आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचं कलम ५५ म्हणतं, मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं सापडण्यासारखा नाही, तो विकणाऱ्यानं सांगायलाच हवा; न सांगणं कपट मानलं जाईल. फक्त हे कलम 'करारात वेगळं काही ठरलं नसेल तर' असं सुरू होतं, आणि तुमच्या चिठ्ठीत 'जसे आहे तसे' आहे. त्या तीन शब्दांमागे मालक लपायला बघेल. मौनाला कदाचित आडोसा मिळेल. तोंडी खोट्याला नाही.

बयान्याचं विचारलं होतंत. जप्तीचं कलम तुम्ही विनाकारण माघार घेतलीत तर. करार कायदेशीर कारणानं रद्द केला तर करार कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे घेतलेलं परत द्यावं लागतं. शिवाय योग्य कारणानं घर घ्यायला नकार दिला तर बयान्यापुरता त्या घरावर तुमचा बोजा राहतो, हेही त्याच ५५ मध्ये.

आता कामाचं सांगतो, आणि हे मोठ्या अक्षरात वाचा. ३० तारखेचे १० लाख देऊ नका. सगळं कळल्यावर हप्ता दिलात, तर करार मान्य करून पुढे गेलात असा अर्थ लावता येतो, आणि मग सोडवून घ्यायला कोर्ट तयार होत नाही. रंग लावू नका, किल्ली मागू नका, 'बघू' म्हणू नका. मुदत कळल्यापासून तीन वर्षं आहे म्हणून लोक निवांत बसतात. पण मुदत दावा लावायची, शांत बसून राहायची नव्हे. लेखी नोटीस पाठवा, त्यात तारखा, कोण, कधी, कोणत्या शब्दांत. कपटाचा दावा मोघम चालत नाही, दाव्यात तपशील द्यावे लागतात. व्हॉइस मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, साक्ष अधिनियमाचं कलम ६३. भिंतीच्या पट्ट्याचा फोटो काढा. टेप लावून.

आणि नोटिशीआधी एकदा पुण्याला फोन. सगळं सांगा. स्कूटरचंही.

राजवाडा_रिटर्न्स, ११:५२

मी अजूनही म्हणतो ठाणं.

रामबागेतले_वकीलकाका, ११:५५

जा तुम्ही, पोहे खाऊन या.

सुदामानगरी, २६ नोव्हेंबर, रात्री १०:१०

मंडळी, उशिरानं पण सांगतो.

पुण्याला फोन केला. मी स्कूटरचं सांगेपर्यंत ते ऐकून घेत होते, त्यानंतर बराच वेळ काही बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला: भाडेकरूचा नंबर शोधून त्याच्याशी बोलले होते. पाच उन्हाळे टँकर. भाडेकरूनं दलालाला दोनदा सांगितलंही होतं, बोरिंग खोल करून द्या म्हणून. ते पुण्यापर्यंत पोहोचलंच नाही. ते म्हणाले, बयाना जप्तीचं मी रागात बोललो, विसरा. रविवारी ते गाडीनं आले. वकीलकाकांनी (पैसे घेतले नाहीत, फक्त चहा, दोनदा) जुनी चिठ्ठी रद्द केल्याचा कागद करून दिला.

यानंतरचं मात्र माझं नाही, आईचं. सह्या झाल्यावर ती त्यांना म्हणाली, "घर विकायचंय ना अजून? मग खरी किंमत सांगा." ते हसले. मी नाही हसलो, पण माझं कोण ऐकतं. ५८ वर ठरलं. ४ लाख तेच नव्या सौद्याचा बयाना म्हणून राहिले. नव्या चिठ्ठीत पाचवा मुद्दा काकांनी सांगितलेला: 'आवारातील बोरिंग साधारण फेब्रुवारीपासून पावसाळा सुरू होईपर्यंत पाणी देत नाही, हे खरेदीदारास सांगितले असून त्यास माहीत आहे.' दलाल या वेळी नव्हता.

चष्मिष_एलएलबी, १०:२५

हे तर काकांनी सांगितलेल्या कलम १९ च्या दुसऱ्या रस्त्यासारखंच झालं, कोर्टात न जाता!

रामबागेतले_वकीलकाका, १०:४०

नाही रे. ती मागणी मूळ करार कायम ठेवून करायची असते. हा सरळ नवा करार. आणि त्या पाचव्या मुद्द्यानं धागाकर्त्यांचं पाण्याबद्दलचं तोंडही बंद झालंय, हे त्यांना सही करण्याआधी सांगितलं होतं. पुढच्या वर्षी इथे धागा काढलात तर मी मालकाच्या बाजूनं उभा राहीन.

शुभांगी_वडोदरा, १०:५१

अभिनंदन! तुमच्या आईंना पारिजातक मिळाला.

सुदामानगरी, ११:०४

धन्यवाद सगळ्यांना. आता दुसरा प्रश्न, वेगळा धागा काढू का इथेच विचारू? अंगणात जमिनीखाली १०,००० लिटरची टाकी बांधायची आहे. पारिजातकाच्या मुळांपासून किती अंतर ठेवावं लागतं? ठेकेदार म्हणतो, झाडाला काही होत नाही.

लष्करकर, ११:०६

लिहून घ्या.